दुसरी गोळी

अण्णारावांनी पाकिटातून गोळी अंगठ्याने दाबून बाहेर काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सातवर येईपर्यंत ती चिमटीत धरून उभे राहिले. सात वाजले तशी त्यांनी ती बायकोच्या तळहातावर ठेवली.

"घे."

गुरम्मा न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. पायांवर दहा महिन्यांची नात, नीला, तेलाने माखलेली आणि हातातून निसटायला टपलेली. एका हाताने तिला दाबून धरत गुरम्माने दुसऱ्या हाताने गोळी तोंडात टाकली, मान मागे केली आणि पाण्याच्या घोटाशिवाय ती गिळून दाखवली.

"झालं तुमचं समाधान?"

"माझ्या समाधानाचा सवालच नाही. डॉक्टरांनी सात लिहून दिलंय."

"त्यानं लिहिलं अन् तुम्ही छाप मारली," गुरम्मा म्हणाली आणि शेजारच्या घागरीतलं पाणी तांब्याने नातीच्या पाठीवर सोडू लागली.

छाप मारणं हेच अण्णारावांचं आयुष्यभराचं काम होतं. वजनमापे खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. उदगीरच्या मोंढ्यातल्या एकूण एक दुकानाचा तराजू त्यांनी तपासला, वजनांवर सालाची छाप ठोकली आणि ज्यांत जराशीही खोट निघाली ती जप्त केली. सख्ख्या साडूचीसुद्धा सोडली नाहीत. तो साडू पुढे सात वर्षं बोलला नाही. मोंढ्यात त्यांच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ होते, पण अण्णाराव खोटं बोलले असं म्हणणारा एकही नव्हता. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी बायकोचा मधुमेह हाती घेतला. तिचा चहा बिनसाखरेचा झाला, गुळाचा डबा त्यांच्या कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. गोळीची वेळ तर वर्षभरात त्यांनी एकदाही चुकू दिली नव्हती.

गोळी कोरडी गिळण्यामागेही एक इतिहास होता. गुरम्माच्या गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग असे. आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच पाण्याचा थेंब किंवा अन्नाचा कण तोंडात घालायचा, हा नेम तिने लग्नाआधीपासून धरलेला. तीन बाळंतपणांत तो मोडला नाही, तापात मोडला नाही. गोळी सुरू झाली तेव्हा ती अडूनच बसली. तीन दिवस वाद घालून अण्णाराव थकले आणि शेवटी मठात जाऊन स्वामींना विचारून आले, की औषध काही अन्नात धरत नाहीत. "पण पाणी तर पाणीच ना?" गुरम्मा म्हणाली. मग पाण्याशिवाय गिळायची, असा तह झाला. त्या तहाचा अण्णारावांना फार अभिमान होता.

त्या वेळी घरच्या आडाला पाणी होतं. शेषेराव डॉक्टरांनी विचारलं होतं, सकाळी खातात कितीला? साडेसातला, पूजा झाली की लगेच, असं अण्णारावांनी सांगितलं होतं. म्हणून डॉक्टरांनी कागदावर 'सकाळी सात, खाण्याआधी' असं लिहून दिलं. तो कागद बरोबर होता आणि अण्णारावांचं घड्याळही बरोबर होतं. आड मात्र संक्रांतीनंतर आटला.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नवी कचेरी झाली, नव्या पाट्या लागल्या, नवे साहेब आले. अण्णारावांचा मुलगा शिवमूर्ती तिकडेच कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागला होता आणि शनिवारच्या गाडीने घरी येत असे. पाऊस काही नवा जिल्हा बघून आला नाही. लागोपाठ दोन सालं कोरडी गेली आणि गल्ली टँकरच्या तोंडाकडे बघू लागली. टँकर कधी नऊला येई, कधी अकराला, कधी पार दुपारी. आदल्या दिवशीचं राखून ठेवलेलं एक घागरभर पाणी तेवढं सकाळी घरात असे. सून जगदेवी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला दहाला घर सोडावं लागे. ती घागर गुरम्मा नातीच्या अंगावर घाली आणि स्वतः आंघोळीसाठी टँकरची वाट बघत बसे.

"निम्मं तुम्हाला ठेवा की अव्वा," जगदेवी म्हणायची.

"मला काय घाई हाय? पोरगी न्हाली की झालं. देव कुठं पळून चाललाय?"

गोळी मात्र सातला पोटात जातच होती. घरातल्या तिन्ही शिकल्यासवरल्या माणसांपैकी कुणाच्याही हे ध्यानात आलं नाही. अण्णारावांच्या तर नाहीच नाही, कारण त्यांच्या लेखी सात म्हणजे सात.

महिनाभरापासून गुरम्मा अधूनमधून बिघडायची. टँकरला उशीर झाला की अकराच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटे आणि बोटं थरथरत. एका रविवारी तिने जगदेवीला शरणम्मा म्हणून हाक मारली. शरणम्मा ही तिची बहीण, वारून वीस वर्षं झालेली. एकदा तिने टँकरवाल्याला अशी काही शिवी हासडली की रांगेतल्या बायका घागरी ठेवून बघत राहिल्या. आणि तासाभराने, पूजा आणि भाकरी झाल्यावर, हीच बाई नातीला मांडीवर घेऊन कानडी गाणी म्हणत असे.

"वय झालंय अव्वांचं," जगदेवी म्हणाली.

"साखर वाढलीय," अण्णाराव म्हणाले.

फाल्गुनातल्या त्या मंगळवारी टँकरचा पत्ता नव्हता. जगदेवी शाळेत गेली होती. नीला पाळण्यात झोपली होती आणि गुरम्मा दोरी ओढत बसली होती. साडेदहाच्या सुमाराला दोरीची करकर थांबली म्हणून अण्णारावांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"अहो, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली. हातात जीवच न्हाई."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो गार होता आणि ओला होता. साखर वाढली की चक्कर येते, हे त्यांनी चार लोकांकडून ऐकलेलं. वाढलेली साखर उतरवणारी गोळी तर घरातच होती. ते उठले, कोनाड्यातलं पाकीट घेतलं, दुसरी गोळी काढली आणि तिच्या जिभेवर ठेवली.

"ही गिळ. बरं वाटेल."

तिने गिळली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती त्यांचं ऐकत आली होती, तसं हेही ऐकलं.

अर्ध्या तासाने तिने त्यांचा सदरा धरला.

"गूळ द्या."

"काय?"

"गूळ द्या की हो. खडाभर द्या. बेल्ला, बेल्ला." गुळाला तिच्या माहेरच्या कानडीत हाच शब्द होता. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती तो चुकून बोलून जायची, त्यानंतर अण्णारावांनी तो तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

अण्णाराव चरकले. "तुझी पूजा व्हायचीय, गुरम्मा."

"द्या."

"शुद्धीवर आलीस की मलाच बोल लावशील. नेम मोडला म्हणून रडत बसशील. आणि साखर वाढलेली असताना गूळ? विष आहे ते तुला."

कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला होती. त्यांनी किल्लीवर हात ठेवला. गुरम्माने सदरा ओढला, पुन्हा ओढला, मग तिची मूठ आपोआप सैल झाली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. अण्णारावांना हायसं वाटलं. पाणी आलं, आता आंघोळ होईल, पूजा होईल, चार घास पोटात जातील आणि सगळं मार्गी लागेल. दोन घागरी घेऊन ते जवळजवळ धावतच गेले.

ते परत आले तेव्हा गुरम्मा पाळण्याखाली आडवी झाली होती. दात गच्च मिटलेले, डोळे अर्धे उघडे. नीला पाळण्याची दांडी धरून उभी होती आणि घसा खरवडून रडत होती. अण्णारावांच्या हातातली घागर तिथेच कलंडली.

शेजारच्या मलप्पाने जीप काढली म्हणून वेळेत पोहोचले. शेषेराव डॉक्टरांनी गुरम्माच्या अंगाला हात लावला, आज काय खाल्लं एवढं एकच विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकूनही न घेता शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. अण्णाराव "साखर कशी देता, साखर कशी देता" म्हणत राहिले, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाच-सात मिनिटांत गुरम्माने डोळे उघडले.

"नीला कुठं हाय?" तिने विचारलं.

"मलप्पाच्या घरी आहे," अण्णाराव म्हणाले.

संध्याकाळी शिवमूर्ती लातूरहून आला. जगदेवी पोरीला कडेवर घेऊन बाकावर बसली होती. डॉक्टर बाहेर आले आणि पंख्याखाली उभे राहून शांतपणे सांगू लागले.

"साखर वाढली नव्हती. उतरली होती, पार तळाला. ही गोळी वाईट नाही, हजारो माणसं खातात. पण एकदा पोटात गेली की ती साखर उतरवतच राहते. माणूस जेवलाय की नाही हे ती बघत नाही. सकाळपासून यांच्या पोटात अन्न नाही, पाणी नाही, वय झालेलं. घाम येणं, हात कापणं, भलतंसलतं बोलणं, ही त्याचीच लक्षणं. अजून दोन दिवस सलाईन चालू ठेवावं लागेल, गोळीचा अंमल लवकर जात नाही."

"म्हणजे महिनाभर जे चाललंय तेही त्यानंच?" शिवमूर्तीने विचारलं.

"तसंच असावं. आता गोळी अर्धी करू आणि जेवणाचं ताट पुढ्यात आल्यावर देऊ. पुन्हा घाम फुटला की आधी गूळ तोंडात. पूजा झालेली असो नसो."

जगदेवीने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. ते ती घरून घेऊनच आली होती.

"डॉक्टर, हे मी काल शाळेतून येताना आणलं. यातली आज सकाळी एकच जायला पाहिजे होती. दोन गेल्यात."

डॉक्टरांनी पाकीट उजेडात धरलं. "दोन? म्हणून एवढं झालं. दुसरी कुणी दिली?"

"मी सातला दिली," अण्णाराव म्हणाले. "सातला एक."

वाक्य तिथे थांबलं. त्यात खोटं काही नव्हतं. पुढचं वाक्य जिभेवर आलंही होतं, पण त्या पुढच्या वाक्याच्या मागे गूळ होता, आणि करदोट्याची किल्ली होती, आणि सदऱ्यावरची ती मूठ होती. तेवढ्या वेळात शिवमूर्ती बोलून गेला.

"म्हणजे अव्वानं आपल्या हातानं खाल्ली."

"भ्रमात," जगदेवी म्हणाली. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "अन् पोरगी तिथंच होती हो. मांडीवर असती तर?"

डॉक्टरांनी पाकीट तिच्याकडे परत दिलं. "असं असेल तर मग सगळंच गोळीवर टाकता येणार नाही. या वयात विसर पडायला लागतो. औषधं त्यांच्या हाताशी ठेवू नका. आणि काही दिवस तरी लहान मूल एकटं त्यांच्यावर सोपवू नका."

नाही, एवढं म्हणायला असा किती वेळ लागतो? अण्णारावांनी उभ्या आयुष्यात ते शेकडो वेळा म्हटलं होतं, भल्याभल्या अडत्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. त्या दिवशी त्यांनी खाली मान घातली, आणि सगळ्यांना वाटलं, बायकोच्या काळजीने म्हातारा खचला.

गुरम्मा तिसऱ्या दिवशी घरी आली. काय घडलं ते तिला जगदेवीनेच सांगितलं, जपून, दुखवणार नाही अशा बेताने. ऐकताना गुरम्मा आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती.

"मी खाल्ली? मला तर आठवत बी न्हाई."

"असू द्या अव्वा. होतं असं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवीने तेलाची वाटी आणून ठेवली आणि स्वतःच पोरीला पायांवर घेतलं. गुरम्मा दारात उभी राहून बघत होती. जगदेवीला तेल चोळता येत नव्हतं, पोरगी रडत होती. गुरम्मा एक पाऊल पुढे आली, मग थांबली.

"पाठीला उलटा हात लाव," ती म्हणाली. "मी लावलं आसतं. पर माझं काय सांगावं?"

मलप्पाने आता रोज पहाटे आपल्या शेतातल्या बोअरची एक घागर पोहोचवायचं कबूल केलं होतं. गुरम्माची पूजा आठाच्या आत होऊ लागली. अर्धी गोळी ताटासोबत पोटात जाई. घाम गेला, कापरं गेलं, एकही शब्द वावगा जात नव्हता. डोकं अगदी लख्ख झालं होतं, आणि त्या लख्ख डोक्याने ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. भाजीत मीठ घातलं की जगदेवीला बोलावून चाखायला लावी. चूल विझली का ते तीनदा बघे. घरच्या किल्ल्यांचा जुडगा तिने न मागता सुनेच्या हातात दिला. ज्या बाईने पंचेचाळीस वर्षं घर एकहाती चालवलं ती आता पाणी उकळलं का हेही विचारून घेत होती, आणि हे बघताना अण्णारावांचं काळीज तुटत होतं.

एका दुपारी ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अहो, खरं सांगा. तवा तुम्ही घरातच होता ना? मला गोळी काढताना बघितलं न्हाई?"

देवानेच हे दार उघडून दिलं होतं. अण्णारावांना ते कळलंसुद्धा. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे संशयाचा लवलेश नव्हता, नुसती विचारणा होती, आणि तीच त्यांना सोसवली नाही.

"मी पाण्याला गेलो होतो," ते म्हणाले.

"हां," गुरम्मा म्हणाली. जरा विचार करून तिने मान हलवली. "मग तवाच खाल्ली आसंन."

पहिले आठ-दहा दिवस जगदेवी पोरीला शाळेत घेऊन गेली. मग हेडमास्तरांनी हात जोडले. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं; लातूरला शिवमूर्तीची एकच खोली, तीही दोघांत. शेवटी ठरलं की नीलाला भालकीला जगदेवीच्या आईकडे ठेवायचं आणि जगदेवीने दर रविवारी जाऊन यायचं. किती दिवस? पोरगी शाळेत जाण्याजोगी होईपर्यंत, शिवमूर्ती म्हणाला. म्हणजे चार-पाच वर्षं. ठरत असताना गुरम्माला कुणी विचारलं नाही. तिने आपण होऊन पोरीची झबली घडी करून पेटीत भरली, आणि प्रत्येक झबलं भरलं का ते जगदेवीकडून तपासून घेतलं.

रविवारी सकाळी मलप्पाची जीप दारात लागली. शिवमूर्तीने पेटी उचलली. जगदेवी पोरीला टोपडं बांधत होती. अण्णाराव ओसरीवर बसले होते. ते उठले आणि दारात आडवे उभे राहिले.

"थांबा."

"काय राहिलं अप्पा?"

"ती दुसरी गोळी मी दिली," अण्णाराव म्हणाले. "साडेदहाला. साखर वाढली असं वाटलं मला. या हाताने तिच्या जिभेवर ठेवली."

शिवमूर्तीने पेटी हळूच खाली टेकवली. "अप्पा, दवाखान्यात तर तुम्हीच म्हणालात, सातला एक दिली म्हणून."

"पुढचं सांगितलं नाही."

"इतके दिवस?"

"इतके दिवस."

जगदेवीचे हात टोपड्याच्या नाडीवर थांबले. ती सासऱ्याकडे टक लावून बघत होती. महिनाभरात पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. पेटी परत घरात जाईल, पोरगी परत अज्जीच्या पायांवर झोपेल, उद्या सकाळी तेलाची वाटी गुरम्माच्या हाती येईल, हे सगळं अण्णारावांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि त्यांना धीर आला. आता काही म्हणता काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

"आणि त्यानंतर तिने गूळ मागितला. माझा सदरा धरून मागितला. पूजेच्या आधी. मी दिला नाही. कुलूप उघडलं नाही."

गुरम्मा आतल्या दारात येऊन उभी होती.

"कुणी मागितला?"

"तू मागितलास."

"पूजेच्या आधी? मी?" गुरम्मा हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती हसली नव्हती. "ह्याचा बाप पोटात होता... आपलं, हा शिवमूर्ती पोटात होता तवा मी चक्कर येऊन पडले होते, तरी पाण्याचा थेंब घेतला न्हाई. अन् मी गूळ मागीन?"

ती नुसती बोलण्यात चुकली आणि लगेच सावरली, पण जगदेवी आणि शिवमूर्तीने एकमेकांकडे पाहिलं. जगदेवीने नाडीची गाठ मारली.

"कानडीत मागितलास," अण्णाराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "बेल्ला म्हणालीस. आठव, गुरम्मा."

"मला समदं आठवतंय," गुरम्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आधी आठवत नव्हतं, आता आठवतंय. तुम्ही घागरी घेऊन पाण्याला गेले. मी उठले, भिंतीला धरून कोनाड्यापर्यंत गेले. पाकीट घेतलं. एक गोळी दाबून काढली ती खाली पडली, ती पदराला पुसली अन् टाकली तोंडात. माझ्या डोळ्यापुढं हाय हो ते. जगदेवी, तू जा बाई. तुझा काही दोष न्हाई."

"असं झालं नाही," अण्णाराव म्हणाले. "शिवमूर्ती, असं झालेलं नाही. मी सांगतोय ना."

गुरम्मा त्यांच्याजवळ आली. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं.

"जन्मात कधी खोटं बोलला न्हाईत," ती म्हणाली, "अन् आता ह्या वयात माझ्यापायी कशाला शिकून राहिलात?"

शिवमूर्तीने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. जगदेवीने पोरीला त्याच्या कडेवर दिलं, पदर खांद्यावरून घेतला आणि वाकून अण्णारावांच्या पायांवर डोकं ठेवलं. अण्णाराव काहीतरी बोलायला गेले, पण त्याआधी सवयीने त्यांचा हात तिच्या डोक्यावर टेकला.

शिवमूर्ती पायरी उतरत असताना नीलाने त्याच्या कडेवरून अज्जीकडे झेप घेतली. गुरम्माने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"न्या तिला," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत न्या."